मे महिन्यातला दुसरा आठवडा

मंजुनाथ माणूस चांगला आहे. शांत आहे, निर्व्यसनी आहे, बायकोला जपतो.

एवढी दोन वाक्यं त्याच्यासाठी. मंजुनाथ माझा साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बेंगळुरातल्या आमच्या बऱ्याच लोकांसारखा तो घरी मराठी बोलतो, पण शिकला कन्नडात आणि इंग्रजीत. मराठी वाचायला घेतलं की दोन ओळींत जांभई देतो. त्यामुळे इथून पुढे खरं लिहायला मी मोकळा आहे. खरं म्हणजे मला त्याचा हेवा वाटायचा. नुसता वाटायचा नाही, पोटात आग पडायची. आणि ती आग नेमकी कोडाईकनालच्या थंडीत पडायची.

कोडाईला मंजुनाथचा एक आठवडा होता. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रिसॉर्टातला एक फ्लॅट असतो, आणि त्याच्या वर्षातले आठवडे वेगवेगळ्या लोकांनी विकत घेतलेले असतात. आपला आठवडा आला की आपण जायचं, राहायचं, आठवडा संपला की किल्ली देऊन निघायचं. याला टाइमशेअर म्हणतात. मंजुनाथचा मे महिन्यातला दुसरा आठवडा, म्हणजे बेंगळुरात उकडत असतं, मुलांना सुट्टी असते आणि कोडाईत शाल लागते तो. हा त्यानं लग्नानंतर वर्षाच्या आत घेतला, असं आम्हाला आप्पाजींनी सांगितलं. आप्पाजी म्हणजे आमचे सासरे सुब्बाराव, सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. त्यांना दोन मुली. थोरली नयना माझी बायको, धाकटी भव्या मंजुनाथची. मुलगा नाही. त्यामुळे जे काही कौतुक करायचं ते दोन जावयांचंच, आणि त्याची वाटणी कशी होते यावर माझं बारीक लक्ष असायचं.

दर मे महिन्यात सगळं कुटुंब मंजुनाथच्या आठवड्याला कोडाईला जायचं. मोठ्या खोलीत आप्पाजी आणि सासूबाई. छोट्या खोलीत यजमान, म्हणजे मंजुनाथ आणि भव्या. मुलं जिथे जागा मिळेल तिथे. आणि मी, थोरला जावई, चामराजपेटेत तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान असलेला, ज्याचे पाय लग्नात याच आप्पाजींनी चांदीच्या ताम्हनात धुतले तो मी, हॉलमधल्या सोफ्यावर. तो सोफा ओढला की पलंग होतो म्हणे. पलंग होतो, पण मधली लोखंडी दांडी काही जात नाही. सकाळी मंजुनाथ येऊन विचारायचा, "अण्णा, झोप लागली ना?" आणि मी म्हणायचो, "उत्तम." दुसरं काय म्हणणार? पाहुण्याला तक्रार करता येत नाही.

"फुकट राहायला मिळतंय आणि तोंड का वाकडं करता?" नयना विचारायची.

"फुकटाचंच दुखतं," मी म्हणायचो. तिला ते कळायचं नाही. तिला बहिणीचा आठवडा आणि आपला आठवडा यात फरकच दिसायचा नाही. बायका मोठ्या मनाच्या असतात, नाहीतर हिशेबाला कच्च्या असतात. नयना दोन्ही आहे.

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात मात्र कडेलोट झाला. रिसॉर्टच्या बागेत म्हैसूरचे कुणी एक गृहस्थ आप्पाजींशी गप्पा मारत बसले होते. मी तिथून चाललो होतो. त्यांनी विचारलं, हे कोण? आप्पाजी म्हणाले, "हे आमचे थोरले जावई. आमच्या मंजुकडे राहायला आले आहेत."

मंजुकडे राहायला आले आहेत. मी हसून नमस्कार केला आणि फ्लॅटवर जाऊन दोन तास कुणाशी बोललो नाही. त्या दोन तासांत मी ठरवलं की पुढच्या मे महिन्यात आप्पाजी माझ्याकडे राहायला येतील. नयनानं विचारलं, बरं नाही का? म्हटलं, आता बरं आहे.

बेंगळुरात परत आल्यावर मी कंपनीत चौकशी केली. नवा आठवडा घ्यायचा तर मे महिना कधीच विकून संपलेला. पाऊसकाळातले आठवडे शिल्लक होते, तेही आपण दुकानाच्या शटरला टाळं लावून घ्यावेत अशा भावाने. तिथल्याच एकानं सांगितलं की जुने लोक कंटाळून आपले आठवडे विकतात, ते दलालाकडून मिळतात. पण जपून घ्या, त्यात फसणारे पुष्कळ.

दलाल शोधायला मला लांब जावं लागलं नाही. विठोजी दुकानात येऊन बसायचाच. हा आमच्या लोकांतला लग्नं जमवणारा. बेंगळूर, होसूर, तुमकूर, कुठल्या घरात उपवर कोण आहे आणि कुणाच्या पत्रिकेत मंगळ आहे हे त्याला तोंडपाठ. पण हल्ली मुलं आपली आपणच जमवायला लागली आणि विठोजीचा धंदा बसला. मग त्यानं प्लॉट सुरू केले, मग जुन्या स्कूटरी, आणि आता रिसॉर्टांचे आठवडे. माल बदलला, पण पद्धत लग्नाचीच राहिली.

मी त्याला सांगितलं, कोडाई पाहिजे, तेच रिसॉर्ट, मे महिना. तीन आठवड्यांनी तो आला, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "अण्णा, स्थळ आलंय."

"कुठला आठवडा?"

"मे महिन्यातला दुसरा."

मला आनंदानं घाम फुटला. त्या रिसॉर्टात साठ फ्लॅट होते. म्हणजे त्याच आठवड्यात, त्याच आवारात, मंजुनाथचा एक फ्लॅट आणि माझा एक. बघू की आप्पाजी कुणाच्या दारात चपला काढतात. मी मनातल्या मनात फ्लॅट समोरासमोरसुद्धा लावून टाकले.

"विकणारा कोण?"

"नाव आत्ता नाही सांगत. घराणं चांगलं आहे. वस्तू जपून वापरलेली."

"विठोजी, मी पोरगी बघतोय का?"

"पत्रिका जुळेपर्यंत नाव सांगायचं नाही, ही माझी पद्धत. नावं सांगितली की दोन्ही पार्ट्या परस्पर भेटतात आणि विठोजी राहतो बाहेर उभा. आधी स्वल्प काहीतरी सुपारीपुरतं द्या, शब्द पक्का करू, मग सगळं सांगतो."

आता मी कापडवाला. थान शेवटच्या वारापर्यंत उलगडल्याशिवाय मी माल घेत नाही. रेशीम म्हणून कुणी काही आणलं तर एक धागा ओढतो, काडीनं जाळतो आणि वास घेतो. पण इथे धागा कुठला ओढायचा तेच कळेना. आणि या विषयातलं ज्याला कळतं असा ओळखीत एकच माणूस होता. तुम्ही ओळखलंच असेल.

ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही, पण त्या रविवारी जमवलं. जे. पी. नगरला मंजुनाथकडे गेलो. हा इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपनीत आहे, सकाळी कंपनीची बस येते, संध्याकाळी सोडते, रविवारी घरी बनियनवर बसून झाडांना पाणी घालतो. इकडचं तिकडचं बोलून मी म्हटलं, "आमच्या पेटेतला एक जण टाइमशेअर घेतोय. जुना. दलालामार्फत. काय बघावं त्यानं?"

मंजुनाथच्या हातातली झारी थांबली. "कुठला?"

"असंच कुठला तरी."

"कोडाईचा का?"

"मला काय माहीत. उटीचा असेल."

त्यानं कुंडीतलं एक सुकलेलं पान खुडलं. मग म्हणाला, "अण्णा, नको म्हणावं. जुन्यात फार घोळ असतात. त्यापेक्षा हॉटेलात राहावं, स्वस्त पडतं."

मी आतून फुललो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. याला वास लागला होता. आपल्याखेरीज दुसऱ्या कुणाचा आठवडा असू नये, एवढंच याला पाहिजे. सात वर्षं मी ज्याच्यावर जळत होतो तो आज माझ्यावर जळतोय, या विचारानं मला त्याच्याबद्दल जवळजवळ प्रेम वाटलं.

"पण तो ऐकणार नाही," मी म्हटलं. "हट्टी आहे."

"मग एवढं सांगा त्याला," मंजुनाथ झारी खाली ठेवून म्हणाला. त्याचं हेच मला आवडत नाही, नाराज असला तरी काम नीट करतो. "दलालाच्या शब्दावर जाऊ नको म्हणावं. सर्टिफिकेटचा नंबर घेऊन स्वतः कंपनीत जायचं आणि विचारायचं, हा आठवडा खरा आहे का, वर्षाचा मेंटेनन्स भरलेला आहे का. थकलेला असला तर तो नव्या माणसाच्या गळ्यात पडतो. दलालाला आधी काही द्यायचं नाही, सुपारीला म्हणूनसुद्धा नाही. चेक विकणाऱ्याच्या नावाचा, आणि तोही कंपनीच्या टेबलावर, ट्रान्सफरवर सही होताना. आणि विकणाऱ्याचं तोंड बघितल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत. कुणाच्याही सहीचं पत्र घेऊन कुणीही येतं."

"सरी, बरं," मी म्हटलं. "सांगतो त्याला."

भव्यानं उप्पिट आणलं. मी दोनदा घेतलं.

पुढचं सगळं मी मंजुनाथनं सांगितलं तसंच केलं, त्याला दाखवायला की त्याच्याच फूटपट्टीनं मोजून मी त्याच्याइतकाच झालो. विठोजीकडून नंबर काढून घेतला. त्यानं फार आढेवेढे घेतले. मुलगी दाखवायच्या आधी कोण तिच्या शाळेत जाऊन मार्क विचारतो, म्हणाला. मी म्हटलं, मी विचारतो. कंपनीच्या कचेरीत गेलो. तिथल्या मुलीनं यंत्रात नंबर घालून बघितलं. आठवडा खरा, मेंटेनन्स दर वर्षी वेळेवर भरलेला, कसलं कर्ज नाही. नाव मात्र सांगणार नाही, म्हणाली, तो कंपनीचा नियम. ट्रान्सफरला दोघांनी स्वतः यायचं. मी बाहेर येऊन विठोजीला सांगितलं, सुपारी फुटेल ती कंपनीच्या टेबलावरच.

"एवढा संशय?" तो म्हणाला.

"संशय नाही. धागा जाळून बघतोय."

नयनाला मी काही सांगितलं नव्हतं. ठरवलं होतं की काम झालं की पेढे घेऊन थेट आप्पाजींकडे जायचं आणि म्हणायचं, पुढच्या मे महिन्यात तुम्ही माझ्याकडे. ते वाक्य मी दुकानात थान गुंडाळताना कितीदा तरी म्हणून बघितलं होतं. ‘माझ्याकडे’वर जोर द्यायचा की नको, एवढंच ठरत नव्हतं.

ट्रान्सफरच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून रेसिडेन्सी रोडला कंपनीच्या कचेरीत वेळेआधी जाऊन बसलो. थंडगार खोली, भिंतीवर डोंगरांचे फोटो. काचेचं दार उघडलं. विठोजी आला. त्याच्या मागून आप्पाजी आले.

माझ्या मनात पहिलं आलं ते असं की मंजुनाथनं चुगली केली. याला कळलं, यानं सासऱ्याला सांगितलं, आणि सासरा मला अडवायला आला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठून उभा राहिलो.

"आप्पाजी, हा माझा पैसा आहे," मी म्हटलं. "मी कुठे घालायचा ते मी ठरवीन."

आप्पाजी माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. विठोजी मात्र दोघांच्या मधे उभा राहून खुशीत हात चोळत होता.

"बसा, बसा," तो म्हणाला. "आता लाजायचं काय कारण नाही. विकणारे हे, घेणारे तुम्ही. घरातली वस्तू घरात."

मी खुर्चीत बसलो. आप्पाजीसुद्धा बसले. मग ते विठोजीकडे वळले.

"मी तुला काय सांगितलं होतं? आपल्या माणसांत नको. परका बघ."

"सगळे मुलीचे बाप असंच म्हणतात, आप्पाजी. गावात नको, नात्यात नको. शेवटी नात्यातच देतात आणि सुखी होतात," विठोजी म्हणाला. "तुम्हाला विकायचं, यांना घ्यायचं. सासऱ्या-जावयात पैशाचं तोंडावर बोलता येत नाही, हे मला कळत नाही का? त्यासाठीच तर मधे माणूस लागतो. मी ओळखलं आणि गप्प राहिलो." त्याला खरंच वाटत होतं की त्यानं मोठं नाजूक काम पार पाडलंय. आप्पाजींनी कपाळाला हात लावला.

टेबलावरच्या मुलीनं कागद पुढे केले. आप्पाजी म्हणाले, पाच मिनिटं द्या. आम्ही दोघं बाहेर व्हरांड्यात गेलो. तिथे एक बाक होता, त्याच्यावर बसलो. खालून रस्त्याचा आवाज येत होता.

"हा आठवडा मंजुनाथचा ना?" मी विचारलं.

"माझा. रिटायर झालो तेव्हा फंडाच्या पैशातून घेतलेला."

"मग त्याचा म्हणून का सांगितलंत?"

आप्पाजींनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, परत घातला. "भव्याच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्याची कंपनी बंद पडली. आठवतंय?"

आठवत होतं.

"दिवाळसणाला सगळे जेवायला बसले होते. तुम्ही त्याला म्हणालात, नोकरी नसेल तर दुकानात ये, थानांच्या घड्या घालायला माणूस हवाच आहे."

"मी चेष्टेनं म्हणालो होतो."

"हो. सगळे हसले. मीसुद्धा हसलो. तो पोरगा पानावरून उठला नाही, खाली बघून जेवला. भव्या मात्र आत जाऊन रडली. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं की मंजुला कंपनीनं जाताना पैसे दिले, त्यातून त्यानं कोडाईला जागा घेतली. त्याला नंतर कळलं. नको म्हणत होता. मी शपथ घातली. तेव्हापासून मेंटेनन्स तो भरतो, एक वर्ष चुकला नाही. भव्यालाही त्यानं सांगितलेलं नाही."

"आता का विकताय?"

"माझं वय झालं. माझ्या मागे वारसाचे कागद निघतील, मग सगळ्यांना कळणार. त्याआधी परक्या माणसाला विकून टाकला असता, मंजुनं सांगितलं असतं मी विकला, आणि विषय संपला असता."

"मला सांगायचं होतंत, आप्पाजी. मी गप्प बसलो असतो."

आप्पाजी माझ्याकडे वळले. "गिरीधरराव, तुम्हालाच कळू नये म्हणून तर सगळं केलं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

खोटं कशाला सांगू, मला पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. आधी झाला तो संताप. ज्या गोष्टीचा मी इतकी वर्षं हेवा केला ती त्या माणसाची नव्हतीच, म्हणजे माझं इतक्या वर्षांचं जळणं फुकट गेलं. आणि तो संताप बसतो न बसतो तोच त्याच्याहून मोठा हेवा उभा राहिला. आठवडा जाऊ दे. एका म्हाताऱ्या, सरळमार्गी माणसानं, ज्यानं कचेरीत कधी कुणाचा चहा घेतला नाही, त्यानं या मंजुनाथसाठी सात वर्षं खोटं सांभाळलं होतं. बागेत भेटणाऱ्या परक्या माणसालासुद्धा ते न चुकता सांगितलं होतं. माझ्यासाठी कुणी एवढं केलं होतं? माझ्यासाठी करावं असं कुणाला वाटलं तरी होतं?

मी उठून घरी जाऊ शकत होतो. संध्याकाळपर्यंत नयनाला, रात्रीपर्यंत भव्याला कळलं असतं, आणि मंजुनाथची सगळी ऐट एका दिवसात उतरली असती. जिभेच्या टोकावर होतं. मी वाट बघत होतो की आप्पाजी आता मलाही शपथ घालतील. त्याला घातली तशी. ते घालतील, मी जरा ताणून धरीन आणि मग शब्द देईन, असं माझं चाललं होतं. त्यांनी घातली नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते समोरच्या भिंतीकडे बघत बसले. या माणसाला सांगून उपयोग नाही, असं त्यांनी मनाशी धरलेलं दिसत होतं.

"चला आत," मी म्हटलं.

आत जाऊन मी सही केली. चेक आप्पाजींच्या नावाचा होता, तो टेबलावर ठेवला. विठोजीनं खिशातून खरीच सुपारी काढली आणि फोडली.

घरी मी एवढंच सांगितलं की मंजुनाथ आपला आठवडा विकत होता, तो दलालामार्फत फिरून माझ्याकडेच आला. नयना म्हणाली, "मग मंजुलाच विचारून घ्यायचा होतात की, दलालाचे पैसे वाचले असते." भव्याला वाईट वाटलं, मग ती म्हणाली, घरातच राहिला हे बरं. मंजुनाथ मला भेटला तेव्हा काहीतरी बोलायला लागला. "अण्णा, मी…" म्हणाला आणि थांबला. मी म्हटलं, बस चुकेल तुझी, जा. आणि मी कुणालाही एक अक्षर बोललो नाही. नयनालासुद्धा नाही. माझ्या तोंडाला हे किती जड गेलं ते माझं मला माहीत. रोज दुकानात बसून मला वाटायचं, आप्पाजींना हे दिसत असेल. ते कधीतरी म्हणतील, गिरीधरराव, मी तुम्हाला ओळखलं नव्हतं. एवढंच मला हवं होतं. आठवड्याचं मला आता फारसं काही वाटत नव्हतं.

मे महिना आला. आम्ही कोडाईला गेलो. काउंटरवर माझं नाव लिहिलेलं, किल्ली माझ्या हातात. मोठी खोली आप्पाजी-सासूबाईंना, छोटी आम्हाला, हॉल मंजुनाथ-भव्याला. बागेत सासूबाई कुणाला तरी सांगत होत्या, आमच्या थोरल्या जावयांची जागा. मी ऐकलं. चांगलं वाटलं, खोटं नाही बोलत. सरळ बसून ऐकलं.

मंजुनाथला मात्र असा मी कधी बघितलेला नव्हता. एरवी तो कोडाईत सारखा धावत असायचा, गरम पाणी आलं का, दूध आलं का, अण्णांना काय हवं. आता त्याला काहीच काम नव्हतं. पहिल्या दिवशी तो मुलांबरोबर पत्ते खेळताना लबाडी करत होता आणि मोठमोठ्यानं हसत होता. गरम पाण्यासाठी मी धावत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला लवकर जाग आली. नयना झोपलेली होती. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला, मग कॉफीचा वास. दार अर्धं उघडं होतं. आप्पाजी शाल गुंडाळून, दोन हातांत दोन पेले घेऊन येताना दिसले. मी अंथरुणावर उठून बसलो आणि पांघरूण बाजूला केलं. वर्षभर एक शब्द बाहेर पडू दिला नव्हता मी. आता या पहाटे, बाकी सगळे झोपलेले असताना, ते काहीतरी बोलणार असं मला वाटलं.

ते दाराशी थांबले. "गिरीधरराव, उठलात?"

"हो, केव्हाच."

"कशाला उठलात? तुमची जागा आहे, निवांत पडा," ते म्हणाले आणि पायानंच हळूच दार ओढून घेतलं. मग हॉलमधून त्यांचा दबका आवाज आला. "मंजु, ऊठ रे. निवतेय."

बाहेरच्या ओट्यावर दोघांच्या खुर्च्या सरकल्या. काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं. मधेच मंजुनाथ हसला, आणि मग आप्पाजीही हसले. मी स्वयंपाकघरात गेलो आणि कॉफीचा फिल्टर उघडून बघितला. डिकॉक्शन दोघांपुरतंच पाडलेलं होतं. मी पाणी ठेवलं आणि माझी कॉफी करून घेतली.